एक जून

गुरुजींनी मला नऊ महिने आधीच जन्माला घातलं,
खुर्चीत बसल्याबसल्या, टाक झटकून.
"पोरगी उंच आहे, बसू दे पहिलीत," म्हणाले
आणि लिहिलं : एक जून.

मी खरी माघातली.
समडोळीच्या मळ्यात हळद शिजत होती.
आई काहिलीखाली जाळ सारत होती, तिथनंच उठून गेली
आणि काहील उतरायच्या आत मी.
नाळ कापणारीचे हात इतके पिवळे
की बायका म्हणाल्या, हिला आधीच हळद लागली.
हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे.
कागदाला नाही.

सांगलीचं सिव्हिल, खिडकी नंबर अकरा.
मोफत उपचाराच्या अटी भिंतीला चिकटवलेल्या,
एक कोपरा सुटून पंख्याखाली फडफडतोय.
लग्नाला पाच वर्षं. झाली, बारा.
उत्पन्नाचा दाखला. तहसीलला तीन खेपा.
रेशनकार्डावर अडलं :
दिराची दोन मुलं आमच्याच नावांखाली.
"अपत्यं दोन दिसतात," बाई म्हणाल्या.
दिसतात खरी. रोज दिसतात.
त्यातलं धाकटं माझ्याच कुशीत झोपतं.

मग कार्ड वेगळं केलं. चूल तीच.
जाऊ दोन दिवस बोलली नाही,
तिला वाटलं, आम्ही वाटणी मागतोय.

त्यात मार्च गेला, मग निवडणूक, मग साहेब रजेवर,
आणि बारा जूनला फाईल पुरी झाली.
माझ्यात किती उरलंय त्याचा आकडा,
आणि भरतेशचा आकडा,
जो त्यानं मार्केट यार्डात पोती उचलून पिवळ्या पडलेल्या खिशात
चार घड्या घालून लपवला होता.
घडीघडीवर हळदीची रेघ.
बाईंनी तो कागद तळव्यानं सरळ केला, काही बोलल्या नाहीत.
एवढ्यासाठी मी त्यांना कधी वाईट म्हणणार नाही.

मग त्यांचं बोट वयावर थांबलं.
"पस्तीस पूर्ण झालेली चालत नाहीत. तुमची झाली.
अकरा दिवस झाले."
मी म्हटलं, मी माघातली.
"माघ कुठं लिहिलाय?"

शाळेत चौगुले मॅडमनी रजिस्टर काढलं.
पहिलीत एकतीस पोरं, त्यातली सव्वीस एक जूनची.
काय दिवस असेल तो समडोळीत,
गल्लोगल्ली पाळणे.
ग्रामपंचायतीची जन्मनोंद महापुरात भिजलेली :
पानाला पान चिकटलंय,
मधे नुसता निळा ओघळ.
मी असेन त्यात कुठंतरी.

कोर्टासमोर स्टॅम्पपेपर. वकिलानं आईला विचारलं, तारीख?
"काहील उतरायची हुती."
साल?
"आमचा खिलारी गेला, त्याच्या दुसऱ्या वर्साला."
त्यानं टाईप केलं, १९९० च्या सुमारास,
आणि आईचा अंगठा निळा केला.

बंडगर साहेबांनी ते प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं.
चष्मा काढून हसले.
"माझाही एक जूनच. पुढच्या मे अखेर रिटायर.
आई म्हणायची, श्रावणातला आहेस."
श्रावणाचे पैसे मिळत नाहीत, म्हणाले.
फाईलच्या कोपऱ्यावर लिहिलं : वरिष्ठांकडे विचारार्थ.
पेन्सिलीनं लिहिलं.
मी बघत राहिले, शाई का नाही.

परतताना एसटी आयर्विन पुलावर अडकली.
आई निळ्या अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत होती,
माघापासून, मग उलटं, मग पुन्हा पहिल्यापासून.
मी विचारलं, किती आलं?

"गप," ती म्हणाली. "चुकंल."